रिकाम्या मण्यांची फेरी

१२ ऑगस्ट २००६
नळी आली एकदाची. वॉचमनने सकाळीच कुरिअर घेऊन स्वतःच्या खुर्चीखाली ठेवलेलं, मला कळलं चार वाजता. बर्फ पार वितळलेला. त्याला बोलायला गेले तर म्हणतो, "मॅडम, डबा रिकामाच हाये, मी हलवून बघितला." हलवून!

आत बोटाच्या पेराएवढी नळी. तळाशी काहीच दिसत नाही. देवरे सर (माझे पीएचडीचे गाइड, आणि डिपार्टमेंटचे हेड, आणि एसी दुरुस्त करणारेही तेच) म्हणाले, सुकी पूड आहे, बर्फ वितळला तरी बिघडत नाही. मग नळी खिडकीत उजेडाला धरून फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, "मॅडम, शंभर लाख कोटी आहेत यात."

डीएनएच्या एकेरी दोऱ्या, ए-टी-जी-सी या चार अक्षरांनी लिहिलेल्या. दोन्ही टोकांची अक्षरं ठरलेली, मधली चाळीस कशीही. त्यामुळे प्रत्येक दोरी वेगळी. पृथ्वीवर आजवर जन्मलेली सगळी माणसं एकत्र केली तरी या नळीतल्या कोपऱ्यात मावतील. बॅगेत ठेवून तीन जिने चढले. पाय जपून टाकत होते, वेड्यासारखी.

१९ ऑगस्ट
आज सरांनी फळ्यावर दोरी काढून दाखवली. मी बारा वर्षं केमिस्ट्री शिकवते. डीएनए म्हटलं की डोळ्यांसमोर तो पुस्तकातला दुहेरी जिनाच येतो. ही एकेरी दोरी म्हणजे वेगळंच प्रकरण. जोडीदार नाही, म्हणून स्वतःवरच दुमडते. हिचीच अक्षरं हिच्याच अक्षरांशी जोड्या लावतात. वळसा, फास, खळगा. पाण्यात मॅग्नेशियम हवं, नाहीतर स्वतःचाच विद्युतभार स्वतःला ढकलत राहतो आणि ती ताणलेलीच राहते. अक्षरं बदलली की दुमड बदलते, दुमड बदलली की खळगा बदलतो. शंभर लाख कोटी खळगे. त्यातल्या एखाद्यात आपला रेणू बसेलच, हा सगळा खेळ.

आपला रेणू म्हणजे कार्बेन्डाझिम. (पुढे नुसतं कार्बे. लिहीन, हात दुखतो.) द्राक्षावरचं बुरशीनाशक. दोन सपाट कड्या आणि एक छोटी शेपटी. डीएनएची अक्षरंही सपाटच. सर म्हणाले, पोळ्यांच्या चळतीत आणखी एक पोळी सरकवावी तसा हा अक्षरांमध्ये सरकेल आणि शेपटीने कडेला धरेल. म्हणे.

विषय मुळात दादाचा. विंचूरच्या मळ्यात बसून त्याने विचारलं होतं, "तुझी केमिस्ट्री लय मोठी ना, मग औषध घडावर राहिलं का गेलं, ते मला बांधावर कळंल असं काय तरी सांग. लॅबवाला आठ दिवस लावतो. तवर द्राक्ष थांबतंय व्हय?" मी तेव्हा हसले होते. नंतर झोप आली नाही.

२ सप्टेंबर
फे. १.
काचेच्या बारीक नळीत जेलचे मणी, मोहरीच्या दाण्याहून बारीक. प्रत्येक मण्यावर एक जोडहात (कार्बनची छोटी साखळी), हाताच्या टोकाला कार्बे. बांधलेलं. वरून सगळ्या दोऱ्या ओतायच्या. ज्यांना कार्बे. धरता येतं त्या अडकतील, बाकीच्या वाहून जातील. अडकलेल्या गरम पाण्याने सोडवायच्या, पीसीआर मशीनमध्ये त्यांच्या नकला काढायच्या, परत ओतायच्या. असं आठ-दहा वेळा.

पण त्याआधी रिकामे मणी. म्हणजे हात आहे, पण हातात कार्बे. नाही. आधी दोऱ्या त्यावरून जाऊ द्यायच्या. सर तीनदा म्हणाले, "जी दोरी नुसत्या मण्याला धरते, ती आपल्या कामाची नाही. तिला आधी घालवा. प्रत्येक फेरीला." मी वहीत प्रत्येक फेरीसमोर 'रि. म.' असा रकाना आखला. पुढे बरोबरची खूण करायची.

जवळजवळ सगळं वाहून गेलं. अडकलं ते इतकं थोडं की आहे का नाही हेच कळेना. सर खूश. म्हणाले, असंच पाहिजे.

२३ सप्टेंबर
फे. ३. लोडशेडिंगचं नवं वेळापत्रक. सकाळी ११ ते २, परत संध्याकाळी. मशीनला नकला काढायला जवळजवळ तीन तास लागतात आणि मधेच वीज गेली की सगळं मुसळ केरात. म्हणजे आठच्या आत मशीन सुरू व्हायला हवं, म्हणजे सहाला मणी. आणि रि. म. ची चाळीस मिनिटं वेगळी.

आज रि. म. गाळले. दोन फेऱ्या झाल्यात की त्यांच्यावरून, जायच्या त्या गेल्या असतील. वहीत मात्र खूण केली. रकाना रिकामा दिसला असता तर सर विचारत बसले असते. इथे लिहून ठेवते, म्हणजे निदान कुठेतरी खरं आहे.

२४ ऑक्टोबर, भाऊबीज
मळ्यात. छाटणी होऊन बाग हिरवी पोपटी फुटलेली. ओवाळून झाल्यावर दादाने विचारलंच, "कुठवर आलं तुझं जंतर?"

सांगितलं, दोऱ्या काय, मणी काय. वहिनी पुरण वाटता वाटता ऐकत होत्या. दादा म्हणाला, "म्हंजी लाखभर मजूर बोलावले आन् सांगितलं, ह्यो घड ज्याला तोलून धरता येतो तोच उद्या ये. असंच ना?"
"असंच. आणि जो येतो त्याच्यासारखेच आणखी हजार करायचे."
"मग हुईल. लय टाइम लागंल, पण हुईल." थोडं थांबून, "आन् त्याला डोळे नाय, तर वळखतो कसा?"

हे मी कुणालाही नीट सांगू शकलेली नाही. स्वतःलाही. वाचलंय की एका दोरीला चहातलं कॅफिन आणि दम्याच्या औषधातलं थिओफिलिन यात फरक कळतो. (ती आरएनएची दोरी, आपली डीएनएची, पण बहीणच.) दोन्ही रेणू डिट्टो सारखे, फक्त एकावर एक कार्बन आणि दोन हायड्रोजन जास्त. तेवढ्यावरून ती एकाला धरते आणि दुसऱ्याकडे ढुंकून बघत नाही. आणि गंमत म्हणजे रेणू येईपर्यंत खळगा धड तयारही नसतो. ढिलीच असते ती. रेणू आला की त्याच्याभोवती मिटते. कुलूप आधी नसतंच, किल्ली आल्यावर होतं. दादाला हे सांगितलं. म्हणाला, "झोपलेलं लेकरू बोट धरतं तसं." बारा वर्षांत मला हे सुचलं नव्हतं.

१८ नोव्हेंबर
फे. ८. ओतलेल्यातलं अर्ध्याहून जास्त धरून बसलं! डीएनए असेल तिथे चमकणारा रंग टाकला. दिव्याखाली वाहून गेलेलं पाणी जवळजवळ काळं, गरम पाण्याने सोडवलेलं लखलखीत नारिंगी. पहिल्या फेरीला हेच उलटं होतं. त्याच नळीतल्या दोऱ्या, आणि बघता बघता शिकल्या. कुणी शिकवलं नाही. शिकणारं कुणी नाही. नुसतं धरलं की उरायचं, नाही धरलं की जायचं.
रि. म. नाहीत. फे. ३ पासून नाहीत. खुणा आहेत.

९ डिसेंबर
अक्षरं आली पुण्याहून. वीस दोऱ्या वाचायला पाठवल्या होत्या. प्रिंट घेऊन सर आणि मी टेबलावर एकाखाली एक लावत बसलो. लाल पेनने सारखी अक्षरं अधोरेखित करायची. चौथ्या ओळीला सरांचा पेन थांबला. नवव्या ओळीला माझा. वीसपैकी चौदा दोऱ्यांत मधे तीच बारा अक्षरं, त्याच क्रमाने. कुठे सुरुवातीला, कुठे शेवटाला सरकलेली, पण तीच.

सर खुर्चीवर मागे रेलले आणि सटाण्याकडची अहिराणी तोंडातून निघून गेली, "हाई काय शे!" मग मराठीत, "मॅडम, कशीही अक्षरं होती हो ही. कशीही."

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आनंदाने, भीतीने, माहीत नाही. एवढ्या गर्दीतून कुणीतरी न बोलावता हात वर केला होता. एकाने नाही, वेगवेगळ्या चौदांनी, सारख्याच बोटांनी.

१४ जानेवारी २००७
अवकाळी. दोन दिवस रिपरिप. दादाचा फोन, "करपा दिसाया लागला घडावर. फवारावं लागंल." मी म्हटलं, काढणीला किती राहिलेत? "महिना बी नाय." कार्बे.च फवारणार. त्याला पर्याय नव्हता, मलाही सांगायला काही नव्हतं.

सांगून झाल्यावर म्हणाला, "तुझं जंतर तवर तयार ठेव मंदे. हसू नको, खरं सांगतोय."

त्याच्या व्यापाऱ्याचा नियम असा की नमुना प्लॉटमागे एकदाच घेतात. तारीख शेतकऱ्याने सांगायची. औषध उतरलेलं निघालं तर माल परदेशी, नाही तर प्लॉट त्या वर्षी यादीतून बाद. म्हणजे बोलावण्याचा दिवस चुकला की संपलं. दादा गेली तीन वर्षं अंदाजाने दिवस ठरवतो. यंदा माझ्यावर टाकलाय.

९ फेब्रुवारी
झालं! चार वाजून गेलेत.

दादा काल घड ठेवून गेला, चार ओळींतले चार. ते मी पाण्यात बुडवून धुवण काढलं. रीत अशी: त्या चौदांतली निवडलेली एक दोरी कार्बे.च्या मण्यांना धरून बसलेली असते. वरून धुवण टाकायचं. त्यात मोकळं कार्बे. असेल तर दोरी मणी सोडून त्याला धरेल आणि त्याच्यासोबत खालच्या नळीत उतरेल. रंग टाकला की दिव्याखाली नारिंगी. काहीच नसेल तर ती मण्यालाच धरून राहील आणि खालची नळी काळी.

चारही काळ्या. चारही!

आधी कार्बे. मुद्दाम घातलेलं पाणी टाकून बघायचं होतं. माहीत आहे मला. एमएस्सीच्या पोरांना मीच ओरडते त्यावरून. पण दादा फोनवर होता, व्यापाऱ्याचा माणूस उद्या त्याच पट्ट्यात येणार होता, आणि चार नळ्या काळ्या माझ्यासमोर.
"काळी म्हंजी?"
"म्हणजे काही नाही उरलं. बोलाव त्याला."
"पक्कं का?"
"पक्कं."
तो हसला. लहानपणी मी पहिली आले की हसायचा तसा.

१० फेब्रुवारी
सकाळी साडेनऊला कार्बे. घातलेलं पाणी टाकलं. खालची नळी काळी.
दुप्पट कार्बे. घातलं. काळी.
वाटलं कार्बे. विरघळलंच नाही. पाण्यात कुठे नीट विरघळतं ते. आम्लाचा थेंब घालून पारदर्शक करून टाकलं. काळी.

अकराला वीज गेली. बसून राहिले. दोरी मणी सोडतच नाही. का नाही सोडत? कार्बे.पेक्षा तिला काहीतरी जास्त आवडतंय. मण्यावर दुसरं काय आहे?

फोन समोरच होता. अकरा वाजता मला शंका आली होती, इथे स्पष्ट लिहिते. दादाला तेव्हाच सांगायला हवं होतं, "थांब जरा." पण मला वाटलं, आधी खात्री करावी. काल खात्री नसताना सांगितलं, आज खात्रीसाठी थांबले. दोन्ही वेळा उलटं.

दोनला वीज आली. रिकाम्या मण्यांवर दोरी टाकली. पहिल्यांदा, फे. २ नंतर पहिल्यांदा. वाहून काहीच आलं नाही. सगळी धरून बसली. कार्बे. नाही, काही नाही, नुसता मणी आणि हात. पाच महिने मी तिला कार्बे. ओळखायला शिकवत नव्हतेच.

अडीचला फोन. वहिनींनी उचलला. "अहो ताई, ते साडेबारालाच घेऊन गेले की घड. यांनी पेढा बी दिला त्यांना." दादा बागेत होता. बोलावून आणला. सांगितलं. मग, "बरं." एवढंच.

१३ फेब्रुवारी
सरांना सांगितलं. वही पुढे केली, रि. म. चा रकाना दाखवला, कोणत्या खुणा खोट्या ते बोटाने दाखवलं. फे. ३, ४, ५, ६, ७, ८. मला वाटलं होतं ओरडतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला.
"विजेपायी?"
"हो. पण खूण विजेने नाही केली, सर."
"नाही." मग म्हणाले, "लाल पेनने दुरुस्त करा. मी सही करतो. तुमची पण."

सह्या झाल्या. लाज वाटली, अजून वाटतेय. उठायला लागले तर म्हणाले, "बसा. मला ती रिकाम्या मण्याची नळी बघायची आहे."

आणि मग जे झालं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही, माझी चूक असली तरी. सरांनी कपाटातून मण्यांची जुनी बाटली काढली. तेच जेल, पण जोडहात आखूड. दोन कार्बनने आखूड, बाकी सगळं तेच. त्यावर आमची दोरी टाकली. सगळी वाहून गेली. परत आपल्या मण्यांवर टाकली. सगळी धरून बसली. ऑगस्टमधल्या मूळ नळीतल्या अनोळखी दोऱ्या टाकल्या, त्या दोन्हींवरून वाहून गेल्या.

दोन कार्बन. डोळे नाहीत, हात नाहीत, आणि दोन कार्बनचा फरक कळतो. आपण ज्या जोडहाताकडे कधी लक्षही दिलं नाही, ज्याला नुसतं खुंटी म्हणून वापरलं, त्याला ती चाळीस अक्षरं पुरतं ओळखून बसली. सर हळूच म्हणाले, "तिने चूक नाही केली, मॅडम. आपण जे विचारलं त्याचंच उत्तर दिलं. आपण काय विचारतोय ते आपल्याला ठाऊक नव्हतं." मला एकदम भीती वाटली तिची. देवासमोर वाटते तशी, खोटं बोलून उभं राहिल्यावर.

२० फेब्रुवारी
नापास. कार्बे. जास्त निघालं. प्लॉट बाद.

वहिनींनी सांगितलं. दादा फोनवर येत नाही. "बागेत हायती." सकाळी बागेत, दुपारी बागेत, जेवताना बागेत. अजून आठ दिवस थांबला असता तर उतरलं असतं, वहिनी म्हणाल्या. रागाने नाही म्हणाल्या, तेच जास्त लागलं. वर्षभराची मेहनत. खुडणारणी आल्या त्या दिवशी दादा बांधावर आलाच नाही म्हणे. पहिल्यांदाच.

माझ्या 'पक्कं' या एका शब्दावर. मी असा शब्द वर्गात कुणाला वापरू देत नाही.

२७ फेब्रुवारी
फोन केला. नाही.

६ मार्च
फे. १. पहिल्यापासून. मूळ नळीत थोड्या दोऱ्या उरल्या होत्या. सर म्हणाले थीसिसची तारीख पुढे ढकलू. मी म्हटलं ढकला.

या वेळी रि. म. तीनदा. आधी लांब हाताचे, मग आखूड हाताचे, मग परत लांब हाताचे. गरम पाणी बंद. मोकळं कार्बे. टाकायचं आणि त्याच्यामागे जी येईल तीच घ्यायची, बाकीच्या राहू देत मण्यालाच धरून. साडेचारला उठून पाचला कॉलेजात. वॉचमन म्हणतो, "मॅडम, कॉलेज आठला असतं." मशीन सातला सुरू, दहाला बंद, अकराला वीज जाते, जाऊ दे.

आज अडकलं तेही दिसत नाही एवढं थोडं. तरी नळी उजेडाला धरून बघितली. यात कुठेतरी ती आहे. असेलच असं नाही. पण शंभर लाख कोटींमध्ये एक तरी कार्बे.भोवती मिटणारी नसेल हे मनाला पटत नाही. ज्यांनी दोन कार्बन ओळखले त्यांच्याच बहिणी या.

१४ मार्च
फे. ३. रि. म. तीनदा. खूण केली. हात थोडा थांबला खूण करताना.

दादाला पत्र लिहिलं. फोनवर न येणाऱ्याला दुसरं काय. सगळं लिहिलं, लोडशेडिंग, खोट्या खुणा, अकरा वाजता आलेली शंका, आखूड हाताचे मणी. माफी मागितली. शेवटी लिहिलं की दोरी चुकली नाही, मी चुकले. टाकलं पोस्टात. वाचेल का माहीत नाही.

२२ मार्च
दादा आला.

लॅबमध्ये आला, घरी नाही. दारात चप्पल काढली. मी म्हटलं, राहू दे, इथे काढत नाहीत. तरी काढली. सर उठून उभे राहिले, त्यांना म्हणाला, "बसा सर, मी मंदाकडं आलोय." हातात दोन पिशव्या. प्लॅस्टिकच्या, तोंडं सुतळीने आवळून बांधलेली. आत एकेक घड. पिशव्यांवर काही लिहिलेलं नाही.

माफी परत मागणार होते, त्याने हाताने थांबवलं.

"चिठ्ठी वाचली. दोनदा वाचली." मग पिशव्या टेबलावर ठेवल्या. "तुला कळंना ना, काळी नळी का काळी? कारण तू त्याला एकच गोष्ट विचारली. मी घरी बसून हाच इचार केला. ह्यात खुडताना ऱ्हायलेल्या एका घडावर मी काल मुद्दाम औषध मारलंय, भरपूर. दुसऱ्यावर ह्या सालात थेंब बी नाय, बांधाकडच्या दोन वेली सोडून दिल्या व्हत्या त्यातला हाय. दोन्ही एकाच बागेतले, एकाच जातीचे, एकाच पाण्यावरचे. तुझ्या दोरीला वळखू दे."

सरांनी माझ्याकडे बघितलं. बारा वर्षं मी जे पोरांना शिकवते, आणि ९ फेब्रुवारीला जे मी केलं नाही, ते माझा दहावी झालेला भाऊ सुतळीत बांधून घेऊन आला होता. रागावला नव्हता असं नाही. डोळे अजून तसेच होते, ओढलेले. पण दीड तास एसटीत उभा राहून आला होता.

मी विचारलं, "कुठल्या पिशवीत कुठला?"
"ते नाय सांगणार."
"अरे, निदान बाजूला लिहून तरी ठेव, नंतर उघडू."
"सांगितलं तर तू उत्तरालाच चिकटशील." आणि हसला, महिन्याभरात पहिल्यांदा. नेहमीचं हसू नाही, अर्धं. "तयार हुईल तवा फोन कर. मी सांगन खरं का खोटं. उचलंन."

चहा घेऊन गेला. वहिनींसाठी शालिमारच्या बाजारातून बांगड्या घ्यायच्या होत्या, तिकडून परस्पर स्टँडवर.

सरांनी त्या घडांना हातही लावू दिला नाही, तसेच फ्रीझरमध्ये ठेवले, वर अ आणि ब लिहून. उद्या फे. ४. आज मी तीन वेळा फ्रीझर उघडून बघितला. दोन्ही घड सारखेच दिसतात. वहिनींना फोन केला, कुठल्यावर औषध आहे ते दादाने त्यांनाही सांगितलेलं नाही.